नाव एकीचं, आवाज दुसरीचा: साठच्या दशकातल्या गर्ल ग्रुप्सच्या रेकॉर्डिंगचा माग कसा काढतात?

(एपिसोडचा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत. सगळे नाही.)

००:०० | आधी हे शोधून बघा

सुरू करण्याआधी एक छोटं काम. म्युझिक ॲप उघडा आणि ‘हीज अ रेबेल’ हे गाणं शोधा. कलाकाराच्या जागी ‘द क्रिस्टल्स’ असं दिसेल. नोव्हेंबर १९६२ मध्ये हे गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरावर होतं. म्हणजे कुठल्या कोपऱ्यातलं गाणं नव्हे, देशभर रेडिओवर वाजलेलं.

आणि तरीही या रेकॉर्डिंगमध्ये क्रिस्टल्समधली एकही मुलगी गात नाही!

झालं असं, की हेच गाणं लिबर्टी ही दुसरी कंपनी विकी कार या गायिकेकडून करून घेत होती. निर्माता फिल स्पेक्टरला आपली रेकॉर्ड आधी बाजारात हवी होती. क्रिस्टल्स न्यूयॉर्कच्या, आणि हा लॉस एंजेलिसमध्ये. त्याने हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत तिथल्याच ‘द ब्लॉसम्स’ या सेशन गायिकांना बोलावलं, मुख्य आवाज डार्लीन लव्हचा घेतला आणि तबकडीवर नाव छापलं क्रिस्टल्सचं, कारण ते नाव आधीच चालत होतं. क्रिस्टल्सना मग आपल्याच नावावर गाजलेलं गाणं शिकून घेऊन स्टेजवर म्हणावं लागलं.

ही गोष्ट आज आपल्याला माहीत आहे, कारण गाणं गाजलं. लोकांनी विचारलं, डार्लीन लव्हने सांगितलं. पण जी गाणी गाजलीच नाहीत त्यांचं काय? त्या दशकात अशा शेकडो रेकॉर्ड्स निघाल्या. लेबलवर एक ग्रुपचं नाव, ज्याचा ना फोटो, ना मुलाखत, ना दुसरी रेकॉर्ड. कोण गायलं? कुठे? कधी? कोणी करून घेतलं? आजचा एपिसोड याच शोधाबद्दल.

०३:१० | ही फॅक्टरी चालायची कशी?

थोडी पार्श्वभूमी. गर्ल ग्रुप म्हणजे साधारण तीन-चार मुलींचा गट, बहुतेक शाळकरी वयाच्या, त्यातल्या कितीतरी कृष्णवर्णीय. एक मुख्य आवाज, बाकीच्या साथीला. ‘द शिरेल्स’ हा न्यू जर्सीतल्या पसेइक गावचा ग्रुप. त्यांचं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ जानेवारी १९६१ मध्ये पहिल्या नंबरावर गेलं आणि सगळ्या कंपन्यांना असेच ग्रुप हवेहवेसे वाटायला लागले.

पण गाणं या मुली लिहीत नसत. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर दोन इमारती होत्या, १६१९ नंबरची ब्रिल बिल्डिंग आणि जवळच १६५० ब्रॉडवे. तिथे प्रकाशकांच्या छोट्या छोट्या खोल्यांत पियानो ठेवलेले, आणि कॅरोल किंग-जेरी गॉफिन, एली ग्रीनविच-जेफ बॅरी अशा जोड्या तिथे गाणी लिहायच्या. गाणं झालं की त्याचा डेमो व्हायचा. मग निर्माता यायचा, स्टुडिओ बुक व्हायचा, वादक यायचे, आणि सगळ्यात शेवटी गायिका.

कधी कधी तर डेमोच बाजारात जायचा. ‘द रेनड्रॉप्स’ हे नाव ऐकलंय? १९६३ मध्ये त्यांची रेकॉर्ड चालली. हा ग्रुप म्हणजे मुळात एली ग्रीनविच आणि जेफ बॅरी हे दोघंच. बायकांचे सगळे आवाज एलीने एकटीने एकावर एक चढवलेले. मग फोटोला आणि स्टेजला तिसरं कोणी हवं म्हणून तिची बहीण उभी राहायची. म्हणजे ग्रुप हा बऱ्याचदा माणसांचा गट नव्हता, ते एका प्रॉडक्टचं नाव होतं.

०६:०५ | तीन गोष्टी वेगळ्या ठेवा

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो, सहन करा. आपण ‘गाणं’ म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक, रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दोन, रेकॉर्डिंग, म्हणजे अमुक दिवशी अमुक खोलीत टेपवर उतरलेला आवाज. तीन, रेकॉर्ड, म्हणजे दुकानात विकली गेलेली ती तबकडी. म्युझिकब्रेन्झसारख्या खुल्या डेटाबेसमध्येही या तीन नोंदी वेगवेगळ्या ठेवतात.

एका रचनेची दहा रेकॉर्डिंग्ज असू शकतात. एक रेकॉर्डिंग तीन नावांनी विकलं जाऊ शकतं. आणि मूळ घोळ असा, की आपल्या हातात फक्त तिसरी गोष्ट असते, आणि आपल्याला उत्तर हवं असतं दुसऱ्या गोष्टीचं. त्यामुळे हातात पुरावा आला की आधी विचारायचं, हा नेमका कशाचा पुरावा आहे? रचनेचा, रेकॉर्डिंगचा, की तबकडीचा? हे विचारलं नाही तर पुढे सगळाच गोंधळ होतो.

०७:४० | लेबल वाचायचं कसं?

सात इंचाची, ४५ आरपीएमची तबकडी समोर आहे असं समजा. मधल्या कागदी लेबलवर काय असतं? गाण्याचं नाव, ग्रुपचं नाव, कंसात गीतकार, प्रकाशकाचं नाव आणि शेजारी बीएमआय किंवा ॲस्कॅप, म्हणजे गीतकारांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या संस्था. गाण्याची लांबी. एक कॅटलॉग नंबर. नशीब असेल तर निर्माता आणि अरेंजर यांची नावं. तारीख सहसा नसते.

यात ग्रुपचं नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा. सगळ्यात पक्का म्हणजे कंसातली गीतकारांची नावं आणि प्रकाशक. का? कारण त्यावर पैसे ठरायचे. तिथे चुकीचं नाव गेलं तर कोणाचा तरी चेक चुकीच्या घरी जाणार. म्हणून शोध घेणारे सुरुवात प्रकाशकापासून करतात. एकच छोटा प्रकाशक, तेच दोन गीतकार आणि तोच अरेंजर चार वेगवेगळ्या ग्रुप्सच्या रेकॉर्ड्सवर दिसले, तर त्या चौघींमागे एकच टीम असण्याची शक्यता दाट. कदाचित आवाजही तेच.

आणि हो, मागची बाजू विसरू नका. रोनेट्सच्या ‘बी माय बेबी’च्या मागे ‘टेडेस्को अँड पिटमन’ नावाचा एक वाद्यांचा तुकडा आहे. नाव विचित्र वाटतं ना? टॉमी टेडेस्को आणि बिल पिटमन हे लॉस एंजेलिसचे सेशन गिटारवादक. म्हणजे रोनेट्स न्यूयॉर्कच्या, पण मागच्या बाजूचं नावच तुम्हाला सांगतं, की काम कुठल्या शहरात झालं.

१०:२० | गुळगुळीत पट्टीवरचं लिखाण

आता माझा सगळ्यात आवडता भाग. गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं, त्याच्या मध्ये एक गुळगुळीत पट्टी असते. तिला रनआउट म्हणतात. तबकडी उजेडात तिरकी धरली की तिथे खरवडलेले किंवा ठोकलेले आकडे आणि अक्षरं दिसतात. हे ग्राहकासाठी नव्हतंच. कारखान्यातल्या लोकांनी एकमेकांसाठी टाकलेल्या या खुणा. आपल्याकडे कोडमध्ये कॉमेंट टाकतात ना, तसंच समजा. म्हणूनच त्या विश्वासार्ह, कारण त्यातून कोणाला काही विकायचं नव्हतं.

तीन उदाहरणं देतो.

पहिलं, आरसीए. ही मोठी कंपनी, पण तिचे कारखाने छोट्या कंपन्यांच्या तबकड्याही छापून द्यायचे. त्यांच्या मॅट्रिक्स नंबरचं पहिलं अक्षर वर्ष सांगतं. एल म्हणजे १९६०, एम १९६१, एन १९६२, पी १९६३, आर १९६४, एस १९६५, टी १९६६. मधलं ओ अक्षर वगळलंय, कारण ते शून्यासारखं दिसतं. क्यूसुद्धा वगळलंय.

दुसरं, मोनार्क. लॉस एंजेलिसचा कारखाना. त्याच्या तबकड्यांवर एक छोटा त्रिकोण, म्हणजे डेल्टा, आणि त्यापुढे एक आकडा असतो. हे आकडे कामाच्या क्रमाने चढत जातात. म्हणजे ज्या रेकॉर्डची तारीख माहीत आहे तिचा डेल्टा आकडा आणि आपल्या अनोळखी रेकॉर्डचा आकडा शेजारी ठेवायचा. दोन ओळखीच्या आकड्यांच्या मध्ये आपला बसला, की कुठल्या महिन्याच्या आसपासचं काम हे कळतं. सॉर्ट केलेल्या यादीत जागा शोधायची, बस्स.

तिसरं, बेल साउंड. न्यूयॉर्कचा स्टुडिओ. तिथे कापलेल्या मास्टरवर ‘बेल साउंड’ असा ठसा असतो आणि बऱ्याचदा शेजारी हाताने कोरलेली ‘एस एफ’ ही अक्षरं. ती सॅम फेल्डमन या मास्टरिंग इंजिनियरची सही.

पण थांबा, इथे बरेच जण घाई करतात. बेल साउंडचा ठसा आहे म्हणून गाणं तिथेच रेकॉर्ड झालं, असं नाही. ठसा सांगतो, की टेपवरून तबकडीचा साचा तिथे कापला गेला. टेप दुसऱ्या गावातूनही आलेली असू शकते. मघाचाच प्रश्न पुन्हा: हा पुरावा रेकॉर्डिंगचा की तबकडीचा? रनआउट तबकडीबद्दल बोलतं.

१४:०० | सरकारी वह्या आणि युनियनचे कागद

तबकडीकडून आता कागदाकडे जाऊ.

अमेरिकेत गाण्याची रचना कॉपीराइट ऑफिसमध्ये नोंदवता येते, आणि तिथल्या नोंदींच्या जाडजूड छापील याद्या आता स्कॅन होऊन सगळ्यांना खुल्या आहेत. तिथे गाण्याचं नाव, गीतकार, मालक आणि तारीख मिळते. नंबरच्या आधी ईयू असेल तर अप्रकाशित रचना, ईपी असेल तर प्रकाशित. त्या काळी टेप देऊन चालायचं नाही, चाल नोटेशनमध्ये लिहूनच जमा करावी लागायची.

मग दुसरं टोक. बिलबोर्ड आणि कॅश बॉक्स ही व्यवसायाची साप्ताहिकं दर आठवड्याला नव्या सिंगल्सचे दोन-दोन ओळींचे परीक्षण छापायची. त्यांचेही स्कॅन आहेत. आपल्या अनोळखी रेकॉर्डचं परीक्षण सापडलं, की ती अमुक आठवड्याच्या आत बाजारात होती हे पक्कं. एका बाजूला कॉपीराइटची तारीख, दुसऱ्या बाजूला परीक्षणाची. रेकॉर्डिंग बहुतेक वेळा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं. नेहमीच नाही, कारण काही लोक आधी रेकॉर्ड करून नंतर नोंदणीला जायचे. पण शोधायचा काळ दहा वर्षांवरून काही महिन्यांवर येतो.

आणि एक गंमत लक्षात घ्या. या सरकारी वह्यांत रेकॉर्डिंगची नोंद मिळत नाही. मिळणारच नाही! अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला कॉपीराइट मिळायला लागला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून. त्याआधीच्या आवाजाला त्या कायद्यात जागाच नव्हती.

मग रेकॉर्डिंगच्या दिवसाचा कागद कुठला? वादकांच्या युनियनचा. अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स. लॉस एंजेलिसची शाखा ४७ नंबरची, न्यूयॉर्कची ८०२. प्रत्येक सेशनचा एक करारनामा भरला जायचा: तारीख, वेळ, स्टुडिओ, कंपनी, म्होरक्या वादक, बाकीच्या वादकांची नावं आणि त्यांचे पैसे. कधी गाण्यांची नावंसुद्धा. असा एक कागद मिळाला, की ‘कुठे’ आणि ‘कधी’ सुटतं, आणि ड्रमवर कोण होतं तेही कळतं.

फक्त गायिका कोण ते कळत नाही. कारण गाणाऱ्यांची युनियन वेगळी, आफ्ट्रा. वादकांच्या कागदावर गाणाऱ्या मुलींचं नाव असण्याचं कारणच नव्हतं.

इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते सगळा विषय इथेच आहे. बघा, कोणाची नावं टिकली? गीतकारांची टिकली, कारण त्यांना रॉयल्टी मिळायची. वादकांची टिकली, कारण युनियनला त्यांच्या मजुरीचा हिशेब हवा होता. कंपनीचं आणि प्रकाशकाचं टिकलं, कारण मालक ते. कागद नेहमी पैशाच्या मागून चालतो. आणि जिचा आवाज ऐकून लोकांनी रेकॉर्ड विकत घेतली, तिला बऱ्याचदा एकरकमी मोबदला देऊन घरी पाठवलेलं. पुढचा पैसा नाही, म्हणून पुढचा कागद नाही, म्हणून नाव नाही. ही नावं काळाच्या ओघात हरवली असं आपण म्हणतो. पण ती मुळात लिहिलीच गेली नव्हती.

१९:१५ | कान किती भरवशाचे?

कागद संपला की उरतात कान. अनुभवी ऐकणारे स्टुडिओ ओळखतात. गोल्ड स्टारच्या एको चेंबरचा घुमारा वेगळाच. डेव्ह गोल्ड आणि स्टॅन रॉस यांनी १९५० मध्ये काढलेला हा स्टुडिओ १९८४ मध्ये बंद झाला, पण तो आवाज आजही कळतो.

आवाजही ओळखता येतात. डार्लीन लव्हचंच घ्या. १९६२ मध्येच ती क्रिस्टल्स म्हणून ऐकू येते आणि ‘बॉब बी. सॉक्स अँड द ब्लू जीन्स’ या नावाखालीही. आणि गंमत म्हणजे १९६३ च्या ‘डा डू रॉन रॉन’मध्ये मुख्य आवाज खरोखर क्रिस्टल्समधल्या ला ला ब्रूक्सचा आहे. ग्रुपचं नाव एकच, वर्षभराच्या आत दोन वेगळ्या मुली. दोन्ही गाणी लागोपाठ हेडफोन लावून ऐका, फरक कळेल.

मोटाउनमध्येही हे चालायचं. ‘समडे वुई विल बी टुगेदर’ हे १९६९ चं गाणं ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’च्या नावावर आहे. त्यात डायना रॉस आहे, पण मागे सुप्रीम्समधल्या दोघी नाहीत. ते आवाज मॅक्सीन आणि ज्युलिया वॉटर्स या सेशन गायिकांचे.

पण कान फसवतातही. ‘द गर्लफ्रेंड्स’चं ‘माय वन अँड ओन्ली, जिमी बॉय’ ऐका. १९६३ चं, कोलपिक्स कंपनीचं. तो घुमारा, त्या टाळ्या, ती गर्दी, कोणीही म्हणेल हा स्पेक्टर. नाही! लिहिणारा आणि निर्माता डेव्हिड गेट्स, जो पुढे ‘ब्रेड’ या बँडमुळे जगाला माहीत झाला. शहर तेच असलं, सेशनवाले तिथलेच असले आणि सगळ्यांना चालू हिटची नक्कल करायची असली, तर आवाज सारखा येणारच. म्हणून नियम असा: कानाने अंदाज बांधायचा आणि कागदाने तपासायचा. कानाने एक सांगितलं आणि लेबलवरच्या कंसात दुसरं निघालं, तर आधी कंसावर विश्वास ठेवायचा.

२२:३० | शेवटी माणसांपर्यंत

आणि शेवटचा टप्पा म्हणजे त्या बाईंनाच विचारणं. हे सगळ्यात अवघड. तेव्हा सोळा वर्षांची मुलगी आज ऐंशीच्या आसपास. लग्नानंतर आडनाव बदललेलं, गाव बदललेलं. हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पत्ता लागलाच तरी तिला काय आठवतं? शाळा सुटल्यावर कोणीतरी गाडीने नेलं, दोन तास गायलो, परत आलो. रेकॉर्ड निघाली हेच काही जणींना माहीत नसतं.

आठवण आणि कागद जुळले नाहीत तर? दोन्ही जपून लिहून ठेवायचे. तारखेसाठी कागद बरा, पण ‘मुख्य आवाज माझा होता, मागे माझी बहीण होती’ हे सांगायला कागद उपयोगाचा नाही, ते तीच सांगू शकते. लंडनच्या एस रेकॉर्ड्सने ‘व्हेअर द गर्ल्स आर’ ही संग्रहांची मालिका काढली. ऱ्हायनो कंपनीने २००५ मध्ये चार सीडी आणि १२० गाण्यांचा ‘वन किस कॅन लीड टू अनदर’ हा संच टोपीच्या गोल डब्यात घालून काढला. अशा संग्रहांसोबत येणाऱ्या पुस्तिकांमुळे या शोधाला वाट मिळाली. गाण्यागणिक एक छोटी टीप, आणि त्या टिपेमागे कोणाचे तरी कित्येक फोन.

एक गोष्ट मात्र पाळा. कोणाचा पत्ता किंवा फोन सापडला म्हणून तो ऑनलाइन टाकायचा नाही. तिला बोलायचं नसेल तर विषय तिथे संपला.

२५:०० | आता याने काय फरक पडतो?

पडतो. सरळ पैशांचाच.

रोनेट्सची गोष्ट सांगतो. १९६३ मध्ये तिघींनी स्पेक्टरच्या कंपनीशी करार केला. तिघींना मिळून साधारण १५ हजार डॉलर आगाऊ मिळाले. पुढे रॉयल्टी नाही. त्या कोर्टात गेल्या, आणि २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील कोर्टाने सांगितलं, की करारात मालकी कंपनीला दिली आहे आणि वेगळी अट नाही, त्यामुळे सिनेमा-जाहिरातीत गाणं वापरल्याच्या पैशांत यांचा वाटा नाही. रेकॉर्ड विक्रीच्या रॉयल्टीवर मात्र हक्क आहे. म्हणजे चाळीस वर्षांनी सगळा निकाल काही पानांच्या त्या जुन्या कराराच्या भाषेवर लागला. डार्लीन लव्हही नव्वदच्या दशकात रॉयल्टीसाठी कोर्टात गेली आणि जिंकली. २०११ मध्ये तिचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये आलं.

आणि हे फक्त गाजलेल्यांपुरतं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेत म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्ट आला. तेव्हापासून १९७२ आधीची रेकॉर्डिंग्ज इंटरनेट रेडिओ आणि सॅटेलाइट रेडिओवर वाजली, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे पैसे द्यावे लागतात. ते साउंडएक्स्चेंज ही संस्था वाटते: ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीच्या गायक-वादकांच्या निधीला. साठच्या दशकातल्या या रेकॉर्डिंग्जना हे संरक्षण २०६७ पर्यंत आहे.

आता जोडून बघा. ४५ टक्के ‘मुख्य कलाकारा’चे. डेटाबेसमध्ये मुख्य कलाकार कोण, तर एका ग्रुपचं नाव. त्या नावामागे कोण होतं हे कोणालाच माहीत नसेल, तर ते पैसे कोणाच्या दारात जाणार? साठ वर्षांपूर्वी नाव लिहिलं नाही, कारण पैसे द्यायचे नव्हते. आज पैसे आहेत, पण नाव लिहिलेलं नाही. म्हणून रनआउटमधला तो त्रिकोण, कंसातला तो प्रकाशक, कॅश बॉक्सच्या त्या दोन ओळी, यांना किंमत आहे.

२८:४० | तुम्ही काय करू शकता?

करायला सोपं आहे. तुमच्या ॲपमध्ये गाण्याजवळच्या तीन टिंबांत ‘क्रेडिट्स’ असतात, ते उघडून बघायची सवय लावा. साठच्या दशकातलं एखादं अनोळखी गर्ल ग्रुप गाणं निवडा. डिस्कॉग्सवर ती रेकॉर्ड शोधा, तिथे लेबलचे फोटो आणि रनआउटचे आकडे लोकांनी भरलेले असतात. गीतकार बघा, प्रकाशक बघा, त्याच लोकांच्या आणखी दोन रेकॉर्ड्स काढा आणि लागोपाठ ऐका. जुन्या बाजारात ४५ ची तबकडी हाताला लागली, तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून त्या पट्टीचा फोटो काढा आणि ज्या नोंदीत ते आकडे नाहीत तिथे भरा. जे दिसतं तेच भरा, अंदाज भरू नका. ‘बहुतेक ही डार्लीन लव्ह असावी’ असं एकाने लिहिलं, की ते दहा ठिकाणी कॉपी होतं आणि ज्या बाईने खरंच गायलंय तिचं नाव पुन्हा एकदा मागे पडतं.

काही सापडलं तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये वाजवू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि ऐकताना ‘गातंय कोण?’ हे विचारत राहा. भेटू!